गळ्यात किड्यांचा हार!

मटार सोलताना शेंगेतून अळी निघाली की आपण हातातली शेंग भिरकावून देतो. झुरळ दिसलं तर अख्खं घर गोळा करतो. पण मैत्रिणींनो, सणावाराला कपाटातून पैठणी काढतो ना, ते रेशीम एका किड्यानंच आपल्या तोंडातून काढून स्वतःभोवती गुंडाळलेलं असतं, हे आपल्या मनातही येत नाही. लाखेच्या बांगड्या हौसेनं भरतो, ती लाख म्हणजेसुद्धा झाडाच्या फांदीला चिकटून बसणाऱ्या इवल्याशा किड्यांनी सोडलेला रस. इंग्रजांच्या काळात तर आपले कारागीर भुंगेऱ्यांचे हिरवे, चमचमणारे पंख मलमलीवर टिकल्यांसारखे टाकून बसवत आणि ते कापड थेट युरोपात जाई. १९०३ च्या दिल्ली दरबारासाठी व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी मोरपिसांच्या नक्षीचा जो प्रसिद्ध झगा घातला, त्यातल्या पिसांच्या डोळ्यांत असेच पंख बसवलेले होते. म्हणजे किडा बाईच्या अंगावर पहिल्यापासून आहेच. फक्त आपलं नाव लपवून!

त्याचं नाव न लपवता, किडा हा किडाच दिसावा अशा थाटात त्याला बाईच्या गळ्यात आणून बसवलं ते एल्सा स्किआपारेल्ली या बाईनं. साल १९३८, गाव पॅरिस. आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची एक रुंद गळपट्टी आणि तिच्यावर हिरवे, लाल, गुलाबी, निळे, पिवळे रंगवलेले धातूचे किडे. प्लास्टिक पारदर्शक, त्यामुळे लांबून ते दिसायचंच नाही. दिसायचे ते फक्त किडे, गोऱ्यापान गळ्यावरून खुशाल चालत निघालेले! हिऱ्यामोत्यांची सवय असलेल्या पॅरिसच्या बायकांना काय वाटलं असेल, कल्पना करा. तरीही तो हार विकत घेतला गेला, घातला गेला आणि आज तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

असलं काही एखाद्या बाईला सुचतं तरी कसं? त्यासाठी तिच्या लहानपणात डोकवायला हवं.

एल्साचा जन्म १० सप्टेंबर १८९० चा, इटलीतल्या रोम शहरातला. घर साधंसुधं नव्हे, तर कोर्सिनी पॅलेस नावाचा जुना राजवाडा. वडील अरबी भाषेचे आणि पौर्वात्य विद्येचे मोठे पंडित, तिथल्या ग्रंथालयाचे प्रमुख. काका ज्योव्हान्नी स्किआपारेल्ली हे जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. मंगळावर दिसणाऱ्या रेषांचे नकाशे काढणारे ते हेच. नात्यातले एर्नेस्तो स्किआपारेल्ली यांनी १९०४ मध्ये इजिप्तमध्ये नेफरतारी राणीची कबर शोधून काढली. घरात पुस्तकांना तोटा नव्हता, विद्वत्तेला तोटा नव्हता. पण धाकट्या एल्साला एका गोष्टीचा फार तोटा जाणवे. थोरली बहीण बिआत्रीचे दिसायला देखणी. आई तिच्या रूपाचं कौतुक करायची आणि एल्सा कशी कुरूप आहे हेही तिच्या तोंडावर ऐकवायची.

आपल्याला हे काही नवीन नाही. ‘थोरली कशी नक्षत्रासारखी, धाकटी मात्र कुणावर गेली कोण जाणे’ हे वाक्य आपल्याकडे हळदीकुंकवाला, लग्नकार्यात किती सहज बोललं जातं! बोलणाऱ्या बाईच्या मनात काही वाईटही नसतं. पण ती धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी असते आणि तिला ते सगळं ऐकू येत असतं.

एल्सानंही ऐकलं आणि आपल्या बालबुद्धीनं त्यावर उपाय शोधला. फुलं सुंदर असतात, तेव्हा आपल्या चेहऱ्यावर फुलं उगवली तर आपणही सुंदर दिसू! माळ्याकडून फुलझाडांचं बी मागून आणलं आणि ते तिनं आपल्या तोंडात, घशात, कानात पेरलं. ओलसर, उबदार जागा, बी रुजणारच असा हिशेब. फुलं कुठली उगवायला! पोरीचा श्वास कोंडला, धावपळ झाली, डॉक्टरांना बोलवावं लागलं. पुढे म्हातारपणाकडे झुकल्यावर लिहिलेल्या आत्मचरित्रात तिनं स्वतःच हा किस्सा सांगितला आहे. वाचताना हसू येतं खरं, पण पोटात कालवतंही. केवढीशी ती पोर, आणि सुंदर दिसण्यासाठी जीव गुदमरवून घ्यायला निघालेली!

त्याच घरात तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहणारं एक माणूस होतं, ते म्हणजे आकाशातले तारे पाहणारे काका. एल्साच्या डाव्या गालावर तीळ होते. काकांनी ते पाहून सांगितलं की हे तर आकाशातल्या सप्तर्षींसारखे मांडलेत, हे शुभ लक्षण आहे. एकाच चेहऱ्यात आईला खोट दिसली आणि काकांना सप्तर्षी दिसले! ही गोष्ट एल्सा जन्मभर विसरली नाही. सप्तर्षी तिनं आपली खूण मानली, त्याचा अलंकार करून घेतला आणि पुढे आपल्या भरतकामातही ते तारे आणले.

मोठी होता होता तिनं घरच्यांना बराच घोर लावला. १९११ मध्ये तिच्या कवितांचं पुस्तक निघालं. त्यातल्या प्रेमाच्या उघड वर्णनानं घरचे हादरले आणि त्यांनी तिची रवानगी स्वित्झर्लंडमधल्या एका कॉन्व्हेंटमध्ये केली. तिथं तिनं अन्न सोडलं. शेवटी तिला घरी आणावंच लागलं. १९१३ मध्ये लंडनमध्ये मुलं सांभाळायचं काम मिळालं आणि ती घराबाहेर पडली ती पडलीच. वाटेत पॅरिसला मुक्काम होता. तिथं एका नाचाच्या समारंभाचं बोलावणं आलं आणि हिच्याकडे घालायला काही नाही! मग तिनं गडद निळं रेशमी कापड विकत आणलं, अंगाभोवती गुंडाळलं आणि टाचण्या लावून ठाकठीक केलं. शिवण नाही, टाका नाही. नाचता नाचता एकेक टाचणी सुटायला लागली आणि सोबत नाचणाऱ्यानं तिला कसंबसं बाहेर नेलं म्हणून लाज राखली गेली. पुढे जगाला कपडे नेसवायला शिकवणाऱ्या बाईचा पहिला पोशाख हा असा होता बरं का!

लंडनमध्ये ती एका व्याख्यानाला गेली. वक्ते होते विल्यम द केर्लोर, थिऑसॉफीवर, म्हणजे आत्मा-परमात्मा आणि गूढविद्या यांवर बोलणारे. एल्सा भारावून गेली, दुसऱ्याच दिवशी लग्न ठरलं आणि १९१४ मध्ये झालंही. नवरा बोलण्यात पटाईत, पण कमावण्याच्या नावानं शून्य. संसार चालायचा तो हिच्या माहेरच्या पैशावर. भविष्य सांगण्याच्या धंद्यावरून १९१५ मध्ये इंग्लंडनं त्याला देशाबाहेर काढलं. १९१६ मध्ये दोघं न्यूयॉर्कला गेली. १९२० च्या जूनमध्ये मुलगी झाली. तिच्या लांबलचक नावात एक नाव चक्क आपलं होतं, राधा! मारिया लुइझा इव्होन राधा. लाडानं तिला सगळे गोगो म्हणत.

मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत नवऱ्यानं दोघींना सोडलं. परका देश, हातात पैसा नाही आणि पदरात तान्हं मूल. त्यातच गोगोला पोलिओ झाला. पोलिओची लस यायला अजून तीसेक वर्षं होती. पुढची कितीतरी वर्षं त्या पोरीचं आयुष्य उपचार आणि शस्त्रक्रिया यांत गेलं. माहेरी परत जाऊन पडावं, असं कुणीही म्हटलं असतं. एल्सा १९२२ मध्ये युरोपात परतली, पण रोमला न राहता मैत्रिणीच्या आधारानं पॅरिसला राहिली. घटस्फोट झाल्यावर मुलीला तिनं आपलंच आडनाव लावलं.

आता पोटापाण्यासाठी करायचं काय? इथं एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या. कपड्यांच्या जगात एवढं नाव काढणाऱ्या या बाईनं शिवणाचं, बेतण्याचं शिक्षण कधीच घेतलं नव्हतं. पण तिला डोळा होता. पॉल प्वारे हे त्या वेळचे पॅरिसचे नामांकित कपडेकार. त्यांच्या दुकानात ती एका श्रीमंत मैत्रिणीसोबत गेली आणि सहज म्हणून एक झोकदार कोट अंगावर चढवून पाहिला. घेण्याची ऐपत नव्हतीच. प्वारे यांनी तिची जाण ओळखली, तो कोट तिला भेट दिला आणि पुढेही तिला धीर देत राहिले. योग्य वेळी कुणीतरी पाठीवर हात ठेवावा लागतो, तो असा.

नशीब उघडलं ते एका साध्या स्वेटरनं. ओळखीतल्या एका बाईच्या अंगात तिनं हातानं विणलेला स्वेटर पाहिला. घट्ट विणीचा, न ताणणारा. चौकशी केल्यावर कळलं की तो आर्मेनियातून आलेल्या एका निर्वासित बाईनं विणलाय. एल्सानं तिला गाठलं. कागदावर, लहान मूल काढेल तशी, गळ्याशी बांधलेल्या मोठ्या पांढऱ्या बोची आकृती काढून दिली आणि हे असं काळ्या स्वेटरमध्ये विणता येईल का, असं विचारलं. पहिला स्वेटर फसला. दुसराही बेताचा झाला. तिसरा असा साधला की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईनं खरोखरच गळ्याशी स्कार्फ बांधलाय! प्रत्यक्षात ती नुसती वीण. १९२७ ची ही गोष्ट. तो घालून ती एका मेजवानीला गेली आणि तिथंच एका अमेरिकन दुकानाची मागणी आली : चाळीस स्वेटर, सोबत चाळीस स्कर्ट आणि मुदत दोन आठवड्यांची! त्या आर्मेनियन बाईनं आपल्या ओळखीच्या विणणाऱ्या बायका गोळा केल्या आणि काम वेळेत गेलं. कल्पना एल्साची, पण हात त्या घरदार सोडून आलेल्या बायकांचे. पुढे तशाच विणीचे नमुने मासिकांतून छापून आले आणि ज्यांना पॅरिसचं दुकान परवडत नव्हतं, त्या बायकांनीही आपापल्या घरी बसून ते विणले.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं म्हणजे नुसता धडाका. १९३१ मध्ये विम्बल्डनच्या मैदानावर लिली द अल्वारेझ ही टेनिसपटू तिनं बेतलेला, पायजम्यासारखा दुभागलेला स्कर्ट घालून उतरली आणि मोठा गदारोळ झाला. १९३४ मध्ये अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकानं एल्साला मुखपृष्ठावर छापलं. कपडे बेतणाऱ्या बाईला तोवर हा मान मिळाला नव्हता. १९३५ मध्ये ती पॅरिसच्या प्लास व्हाँदोम या महागड्या चौकात राहायला, म्हणजे दुकान थाटायला, आली. आपण जिला चेन म्हणतो ती झिप तोवर लपवून लावत. हिनं रंगीत प्लास्टिकच्या चेनी भारीतल्या झग्यांवर सगळ्यांना दिसतील अशा लावल्या. कोपनहेगनच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाया वर्तमानपत्राच्या कागदाच्या टोप्या घालतात हे पाहिलं आणि स्वतःबद्दलची छापील कात्रणं जोडून तसं छापील कापडच करून घेतलं. बरी-वाईट दोन्ही कात्रणं हं! त्याच वर्षी कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या सूनबाईंच्या साड्या पाहून तिनं साडीसारखे नेसलेले वाटणारे झगेही आणले.

पण तिची खरी करामत कुठली म्हणाल, तर माणसं गोळा करण्याची. आपल्याकडे म्हणतात ना, गाव करी ते राव न करी. त्या काळात पॅरिसमध्ये स्वप्नातलं जग कागदावर, कॅनव्हासवर उतरवणाऱ्या चित्रकारांचा एक गट होता. अतिवास्तववादी म्हणून ते ओळखले जात. पाहताना दचकायला होईल अशा गोष्टी ते शेजारी शेजारी मांडत. साल्वादोर दाली हा त्यातला सगळ्यात गाजलेला. त्याच्या चित्रांत तर मुंग्या पुन्हा पुन्हा येतात. एल्सानं या मंडळींना आपल्या दुकानात आणलं. १९३६ मध्ये दालीच्या कल्पनेवरून तिनं असे कोट केले, ज्यांचे खिसे टेबलाच्या खणांसारखे, वर ओढायच्या मुठीसुद्धा. पुढच्या वर्षी पांढऱ्याशुभ्र झग्यावर दालीनं काढलेली भलीमोठी लाल शेवंड आली. शेवंड म्हणजे समुद्रातली असली तरी कवच आणि सांध्यासांध्याचे पाय असलेली, किड्यांच्याच भाऊबंदांतली. जाँ कोक्तो या कवीनं रेषाचित्र काढून दिलं. लेसाज यांच्या कार्यशाळेतल्या भरतकामाच्या कारागिरांनी ते कोटाच्या पाठीवर धाग्यांनी उतरवलं. एल्सा त्रिओले या लेखिकेनं अॅस्पिरिनच्या गोळ्यांसारख्या मण्यांची माळ करून दिली. मेरेट ओपनहाइम या तरुण चित्रकर्तीनं फर लावलेलं कडं दिलं.

आणि हे सगळं जगानं पाहिलं ते फोटोंतून. मॅन रे, हॉर्स्ट, सेसिल बीटन असे त्या काळचे अव्वल फोटोग्राफर तिच्या कपड्यांचे फोटो काढत. खणांच्या खिशांचे ते कोट बीटननं कशासमोर टिपले ठाऊक आहे? दालीच्या चित्रातल्यासारख्या उजाड, ओसाड माळासमोर! आणि मॉडेलच्या हातात दिलं दालीचं मुखपृष्ठ असलेलं मासिक. म्हणजे कपडा, मागचा देखावा, हातातली वस्तू, सगळं मिळून एकच गोष्ट सांगायची. शेवंडीचा झगा घातला वॉलिस सिम्प्सननं, जिच्यासाठी इंग्लंडच्या राजानं नुकतंच सिंहासन सोडलं होतं. लग्नाआधी बीटननं तिचे त्या झग्यातले फोटो काढले आणि ते जगभर पोचले. चित्रकार, विणकर, भरतकाम करणारे, बटणं घडवणारे, फोटो काढणारे अशा सगळ्यांच्या हातांतून एकच कल्पना न विस्कटता पुढे नेणं हे सोपं काम नाही. एका स्वयंपाकघरात चार जावा असल्या तरी काय होतं, हे आपण जाणतोच!

आता पुन्हा किड्यांकडे येऊ. १९३७ च्या उन्हाळ्यात एल्सानं फुलपाखरं आणली. झग्याच्या कापडावर रंगीबेरंगी फुलपाखरांची छपाई आणि त्यावर घालायला मोठ्या भोकांच्या जाळीचा लांब कोट, जणू फुलपाखरं जाळीत पकडलीत. हे लोकांना आवडणारच. फुलपाखरू कुणाला आवडत नाही? सुरवंट कोषात जातो आणि सुंदर होऊन बाहेर पडतो, ही गोष्ट आपणही मुलींना सांगतोच. थांब, मोठी झालीस की छान दिसशील, असा त्यातला धीर.

पण १९३८ च्या शरद ऋतूसाठी तिनं जे केलं, ते त्याच्या एक पाऊल पुढचं होतं. या कपड्यांना तिनं ‘पेगन’ असं नाव दिलं. पेगन म्हणजे निसर्गातच देव पाहणारे जुन्या काळातले लोक. इटलीचा थोर चित्रकार बोत्तिचेल्ली याच्या चित्रांतल्या वनदेवता डोळ्यांपुढे ठेवून तिनं कपड्यांवर पानं, फुलं, वेली भरून घेतल्या. आणि जिथं रान आलं तिथं किडे हवेतच! रानातली फुलं तेवढी उचलायची आणि किडे झटकून टाकायचे, हे तिला मान्य नव्हतं. दागिने आणि बटणं घडवणारे जाँ क्लेमाँ हे तिचे जुने साथीदार. रोडॉइड नावाचं, सेल्युलोजपासून केलेलं पारदर्शक प्लास्टिक तेव्हा नवं होतं. त्या साध्या, स्वस्त वस्तूचा हार, त्यावर धातूचे रंगीत किडे. सोनं नाही, माणिक-मोती नाहीत. मोल फक्त कल्पनेचं आणि कारागिरीचं. हा हार वापरला मिलिसेंट रॉजर्स या अमेरिकेतल्या तेलाच्या धंद्यातल्या अतिश्रीमंत घराण्यातल्या बाईनं, जिला वाटेल ते हिरे घेता आले असते.

मला हा हार पाहताना ती बी पेरणारी मुलगी आठवते. जिच्या चेहऱ्यावर फुलं उगवली नाहीत, तिनं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बायकांच्या अंगावर अख्खं रान उगवून दाखवलं. आणि त्या रानात किड्यालाही जागा दिली, तीही पायाशी नाही, गळ्याशी. जिथं आपण मंगळसूत्र घालतो, ठुशी घालतो, त्या मानाच्या जागी. किड्याचं फुलपाखरू होण्याची वाट पाहिली नाही. तो आहे तसाच, सहा पायांचा, मिशांचा. बदलली ती पाहणाऱ्याची नजर. काकांनी तिळांमध्ये सप्तर्षी पाहिले होते, ते काही तीळ पुसून टाकून नव्हे. तसंच हे.

गावोगावी बायकांच्या कामानिमित्त फिरताना मला नेहमी जाणवतं, की रूपाची मोजपट्टी आपल्या हातात कुणी जबरदस्तीनं दिलेली नसते. ती आपणच आईकडून, आजीकडून घेतो आणि लेकीच्या हातात देतो. रंग सावळा, दात पुढे, उंची कमी. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात तर ती पट्टी सगळ्यांसमोर लावली जाते. एल्साची आई काही दुष्ट नव्हती. चारचौघींसारखीच होती. म्हणूनच तिची गोष्ट आपल्याला लागू पडते.

एल्साच्या आयुष्यात पुढे सगळं गोडच झालं असं मात्र नाही. १९३७ मध्ये तिनं ‘शॉकिंग’ नावाचं अत्तर आणलं आणि त्याबरोबर एक भडक गुलाबी रंग. आपण ज्याला राणी रंग म्हणतो ना, त्याच जातीचा. जगात तो शॉकिंग पिंक म्हणून रुळला. अत्तराची बाटली बाईच्या धडाच्या आकाराची होती, ती घडवली लिओनोर फिनी या चित्रकर्तीनं. पण १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं. १९४१ मध्ये एल्सा न्यूयॉर्कला गेली. तिथं तिनं कपड्यांचा धंदा मांडला नाही. बेलव्ह्यू रुग्णालयात रुग्णसेविकेची मदतनीस म्हणून काम केलं. फ्रान्समधल्या गरजूंच्या मदतीसाठी १९४२ मध्ये अतिवास्तववादी चित्रकारांचं प्रदर्शन भरवायलाही ती पुढे होती.

युद्ध संपल्यावर ती पॅरिसला परतली, तोवर जग बदललं होतं. चटके बसलेल्या लोकांना आता दचकवणारं काही नको होतं. १९४७ मध्ये ख्रिस्तियाँ दिओर यांनी बारीक कंबर आणि घेरदार झगा असं गोड, नाजूक रूप आणलं आणि सगळ्या बायका तिकडे वळल्या. एल्साचं गणित काही जुळेना. कर्ज वाढत गेलं आणि १९५४ मध्ये तिनं कपड्यांचं दुकान बंद केलं. त्याच वर्षी तिची जुनी प्रतिस्पर्धी कोको शनेल हिनं आपलं बंद पडलेलं दुकान पुन्हा उघडलं. नियतीचा खेळ म्हणतात तो हाच! शनेलचं नाव आज शाळकरी मुलींनाही ठाऊक असतं. एल्साचं मात्र पुढची कित्येक वर्षं फॅशनच्या पुस्तकांपुरतं उरलं.

आई म्हणून ती कमी पडली, असंही दिसतं. कामाच्या धबडग्यात गोगो बरीचशी दूर, उपचारांच्या आणि शाळांच्या गावी वाढली. मुलीच्या औषधपाण्यासाठी कमवायचं, आणि कमवायचं म्हणून मुलीपासून लांब राहायचं. ही ओढाताण कामावर जाणाऱ्या कुठल्याही आईला सांगायला नको. गोगो मोठी झाली, तिचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. त्यातली मारिसा बेरेन्सन अभिनेत्री म्हणून नावाजली. धाकटी बेरी फोटोग्राफर झाली. ती ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यात गेली.

शेवटच्या वर्षांत एल्सानं एक शहाणपणाची गोष्ट केली. आपले निवडक कपडे तिनं १९६९ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाला देऊन टाकले. १३ नोव्हेंबर १९७३ ला पॅरिसमध्ये ती वारली. वय ८३. तिच्या नावाचं कपड्यांचं दुकान त्यानंतर कित्येक वर्षांनी, २०१० नंतरच्या दशकात, प्लास व्हाँदोमच्या त्याच जागेत पुन्हा सुरू झालं. २०२२ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयानं तिच्यावर मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्या किडे-फुलपाखरांच्या, शेवंडीच्या दुनियेकडे लोक पुन्हा कुतूहलानं पाहू लागले.

आपल्यापैकी कुणी पॅरिसला जाऊन तो हार घालणार नाही, आणि घालायची गरजही नाही. तिचे कपडे तेव्हाही राजेरजवाड्यांच्या आणि धनवंतांच्या घरचेच होते. पण दोन गोष्टी मात्र फुकट घेण्यासारख्या आहेत. एक, आपल्याला स्वतःला सुई धरता येत नसली तरी चार गुणी हातांना एका कामात गुंफता येतं आणि तीही एक मोठी विद्या आहे. आपल्या गल्लीतली एखादी बाई पन्नास जणींकडून पापड-कुरडया करवून घेते, कुणाचा हात कशावर बसलाय ते बरोबर ओळखते, तिला आपण कारागीर म्हणत नाही. म्हणायला हवं. आणि दुसरी गोष्ट लेकीबाळींची. घरातल्या एखाद्या सावळ्या, तीळवाल्या, चारचौघींत न बसणाऱ्या पोरीकडे पाहून तोंडातून काही निघणारच असेल, तर ते काकांसारखं निघू दे. पोरी ऐकत असतात, आणि ऐकलेलं त्या जन्मभर सांभाळून ठेवतात.